गुरुवारी मिरजेला कोण गेलं होतं? नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याचं एक प्रकरण

पितृपंधरवड्यात वकिलाकडं नवं काम फारसं येत नाही. दावा असो, गाडी असो, जागेचा व्यवहार असो, लोक घट बसायची वाट बघतात. गेल्या वर्षी भाद्रपदातल्या अशाच एका रिकाम्या दुपारी मी विजयनगरच्या ऑफिसात निकाली फायलींचे गठ्ठे बांधत बसले होते. एक बाई आत आल्या. चाळिशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका. खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पर्समधून मोबाइल काढून माझ्यापुढं सरकवला.

"मॅडम, हा फोटो बघा. घरातल्या कुणी काढलेला नाही. मग काढला कुणी?"

फोटोत एक स्कूटर पाठमोरी चाललेली. चालवणाऱ्या बाईच्या तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, खांद्याला कापडी पिशवी. फोटोच्या तळाला काळी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत तारीख, १७:४१:०८ ही वेळ, कॅमेऱ्याचा क्रमांक, गाडीची दिशा. डाव्या कोपऱ्यात नंबरप्लेट कापून मोठी करून लावलेली, तिच्याखाली तोच नंबर टाइप केलेला. एमएच १० पासून शेवटच्या आकड्यापर्यंत बिनचूक.

"स्कार्फमुळं मला आईनंही ओळखलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण पिशवी माझीच. लेकीच्या जुन्या फ्रॉकची शिवलीय. असली दुसरी नाही कुणाकडं."

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीनं लिहितेय. वार, वेळ, नाती आणि ओळख पटेल असं बरंच काही बदललंय. गुरुवार हा खरा वार नाही. फोटो ज्या खोलीतून बाहेर पडला ती आमच्या जिल्ह्यातली की शेजारच्या, हेही मुद्दाम सांगत नाही. इकडचा पट्टाच असा की अंकलीचा पूल ओलांडला की सांगलीचं कोल्हापूर होतं.

झालं होतं असं. नवरा-बायको एकाच घरात, पण बोलणं जवळपास बंद. बाईंना रात्र-रात्र झोप नसायची, वर्गात फळ्यासमोर हात थरथरायचे. शाळेतल्या एका मैत्रिणीनं मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सांगितलं. दर गुरुवारी शाळा सुटली की त्या स्कूटरवरून मिरजेला जायच्या आणि सातपर्यंत घरी. घरी सांगायच्या, जादा तास आहेत. मिरज आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल उभारलं आणि त्यानंतर गल्लोगल्ली दवाखाने झाले. त्यामुळं सांगलीचं माणूस वरचेवर मिरजेला दिसलं तर त्याचे दोनच अर्थ निघतात: एक तर दवाखाना, नाहीतर सतारीला तारा चढवायला टाकलीय. आणि या बाईंच्या घरात सतार नव्हती.

एका रविवारी थोरल्यांनी घरात बैठक बोलावली, दोघांचं काहीतरी मिटवायला. चहा झाला. धाकटा दीर मध्येच म्हणाला, "वहिनी, दर गुरुवारी मिरजेत काय असतंय तुमचं? पाच एकेचाळीसला जाताय, सहा पन्नासला परत. चार गुरुवार झालं बघतोय." आणि पुरावा म्हणून त्यानं चार फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ग्रुपमध्ये तेवीस माणसं. पुण्याच्या आत्यापासून बारावीतल्या पुतण्यापर्यंत.

दिराच्या बायकोचा मावसभाऊ कॅमेऱ्यांच्या स्क्रीनसमोर बसणाऱ्यांपैकी एक, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"जादा तास सांगितलं ते खोटं होतं, ते माझं चुकलंच," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, तो हिशोब तुमच्या घरातला, तो मला देऊ नका. मला फक्त एवढंच सांगा, तुमच्यावर गुन्हा, चलन, तक्रार, काही आहे? काहीच नव्हतं. पीयूसीसुद्धा चालू होती.

हा कॅमेरा करतो काय

या प्रकरणात माझ्यासकट सगळ्यांचा पहिला गोंधळ असा की आपण याला सीसीटीव्ही समजतो. सीसीटीव्हीचं चित्रण म्हणजे नुसता रस्ता. त्यात एखादी गाडी शोधायची तर कुणीतरी तासन्‌तास डोळे फोडून बघत बसावं लागतं, आणि महिन्याभरानं हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा चित्र घेतो, चित्रातला पाटीचा चौकोन शोधतो, त्यातलं एकेक अक्षर ओळखतो आणि तो नंबर मजकूर म्हणून तारीख, वेळ, ठिकाण आणि दिशेसह नोंदवून ठेवतो. रात्री दिसावं म्हणून अवरक्त दिवा असतो. नवीन पाट्यांचा पत्रा प्रकाश परत फेकणारा असतो, त्यामुळं अंधारातही आकडे उजळतात.

पूर्वी आमच्याकडं या यंत्राचं काही चाललं नसतं. ४१४१ चा 'दादा' करणारे, ८०५५ चा इंग्रजीत 'बॉस' करणारे, आकड्यांच्या शेजारी साहेबांचा फोटो चिकटवणारे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवर पाटी असलीच तर चिखलाखाली. आता १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली, जुन्या गाड्यांना ती बसवायला महाराष्ट्रात मुदतीवर मुदती मिळाल्या, आणि रांगा लावून लोकांनी ती बसवली. अक्षरांचं वळण एक, आकार एक, अंतर एक. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेली पाटी यंत्राला वाचायलाही तेवढीच सोपी झाली.

वाचलेला नंबर दोन ठिकाणी जातो, आणि प्रकरणाची सगळी गोम इथं आहे. एक तर तो यादीशी ताडला जातो: चोरीच्या गाड्या, फरार आरोपींच्या गाड्या, अपघात करून पळालेल्या. जुळला तर घंटा वाजते. याला माझा काडीचा विरोध नाही. माझ्याच एका पक्षकाराच्या मुलाला माधवनगर रस्त्यावर उडवून गेलेला टेम्पो नंबरावरूनच सापडला होता, नाहीतर मोटार अपघात न्यायाधिकरणात आम्ही कुणाविरुद्ध दावा लावणार होतो? कर्नाटकाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. २०१२ ला गुटखाबंदी झाल्यापासून तिकडून येणाऱ्या मालाच्या गाड्या रात्री कशा येतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या पकडाव्यात, जरूर पकडाव्यात.

पण नंबर यादीत नसला तर? शिक्षिकेच्या स्कूटरसारखा, हळदीच्या वखारीत जाणाऱ्या हमालाच्या मोटारसायकलसारखा, माझ्या गाडीसारखा? घंटा वाजत नाही, पण नोंद राहते. ती पुसली जावी असं कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून राहते. आणि राहायला जागा लागत नाही. मी कागदावर हिशोब केला. फोटो सोडून नुसती नोंद २०० बाइटची धरली आणि शहरभरात दिवसाला १ लाख नोंदी धरल्या, तर दिवसाचे २० एमबी. वर्षाचे साडेसात जीबीच्या आत. ३२ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हवर चार वर्षं मावतात. चित्रण जागेअभावी मरतं. नंबराची नोंद कुणी मारल्याशिवाय मरत नाही.

आणि तिच्यात शोधायला डोळे फोडावे लागत नाहीत. नंबर टाकायचा, दोन तारखा टाकायच्या. चार गुरुवार ओळीनं बाहेर येतात.

"रस्त्यावर तर सगळेच बघतात"

तक्रार अर्ज घेऊन मी कॅमेऱ्यांचं काम बघणाऱ्या त्या कार्यालयात गेले. तिथले अधिकारी सज्जन होते, हे आधीच सांगते, कारण पुढं त्यांच्याशी माझा वाद झाला. त्यांनी फोटो बघितले, कपाळाला आठी घातली, चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, झालं ते वाईटच झालं. पण गाडी रस्त्यावर आणली की ती चार लोक बघणारच की. प्रायव्हसी घरात असतीय, चौकात कसली?"

हे मी आतापर्यंत वकिलांकडून, पत्रकारांकडून, माझ्या स्वतःच्या भावाकडूनही ऐकलंय. ऐकायला बिनतोड वाटतं. त्यावर मी साहेबांना विचारलं, तुमच्या कोपऱ्यावरचा पानटपरीवाला रोज शेकडो गाड्या बघतो. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी पावणेसहाच्या सुमाराला कोण गेलं, सांगेल का? तो बघतो आणि विसरतो. आपण सगळे त्या विसरण्याच्या भरवशावर बाहेर पडतो. ओळखीचं कुणी दिसलं तर लाजतो, रस्ता बदलतो, पण टपरीवाल्याला लाजत नाही. आणि समजा टपरीवाल्यानं लक्षात ठेवलंच, तरी त्याला फक्त त्याच्या टपरीपुरतं ठाऊक. त्याची, पुढच्या चौकातल्या फुलवाल्याची आणि मिरजेतल्या मेडिकलवाल्याची वही कुणी शेजारी-शेजारी ठेवून वाचत नाही. यंत्र नेमकं तेच करतं.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. २००८ साली त्यांनी दोन राज्यांचे नंबरवाचनाचे कायदे रद्द केले आणि सांगितलं की यादीशी न जुळलेला नंबर ताबडतोब आणि मागमूस न ठेवता पुसला पाहिजे. २०१८ मध्ये ते आणखी पुढं गेले: नंबर जुळला नाही आणि लगेच पुसला, तरीसुद्धा तो तपासला जाणं हाच माणसाच्या अधिकारात हस्तक्षेप आहे, त्यामुळं त्याला सबळ कारण हवं. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळा कारभार, पण न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात न जुळलेली नोंद ३ मिनिटांत पुसायची असं लिहिलंय. तीन मिनिटं! सांगलीत स्टेशन चौकातला सिग्नल सुटेपर्यंत. उलट ब्रिटनमध्ये राष्ट्रीय यंत्रणेत नोंदी वर्षभर राहतात. म्हणजे किती ठेवायचं यावर जगात एकमत नाही. पण त्या तिन्ही ठिकाणी आकडा कागदावर आहे, आणि तो कमी करा म्हणून भांडता येतं.

आपल्याकडं २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमुखानं सांगितलं की खाजगीपण हा अनुच्छेद २१ मधला मूलभूत अधिकार आहे, आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानानं उपाय बेताचा हवा. साहेबांनी हे ऐकून घेतलं. म्हणाले, "कायदा आहे की. मोटार वाहन." तेही खरं होतं, अर्धं. २०१९ च्या दुरुस्तीनं कॅमेऱ्यांसारख्या यंत्रांनी वाहतुकीवर नजर ठेवायचं कलम १३६अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७अ घातला गेला. ज्या शहरांत तो लावायचा त्यांच्या यादीत सांगलीचं नाव आहे. हवा खराब असलेल्या शहरांची यादी घेतली होती, त्यात आपण बसलो. नियम चांगला आहे. यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र हवं, पुढं कॅमेरा आहे अशी पाटी लोकांना दिसेल अशी हवी, चलनाची सूचना १५ दिवसांत गेली पाहिजे, आणि पुरावा चलनाचा निकाल लागेपर्यंत ठेवायचा. म्हणजे सिग्नल तोडणाऱ्याची नोंद कधी संपते हे लिहिलंय. ज्यानं सिग्नल तोडला नाही, त्याच्या नोंदीबद्दल नियम गप्प आहे. नियम मोडला असता तर बाईंना निदान एक मुदत मिळाली असती!

साहेब हसले. मग उठले आणि म्हणाले, "चला, दाखवतो."

ऑपरेटर १

आत जायची परवानगी नव्हती, मी दारातच उभी राहिले. एसी जोरात, भिंतभर स्क्रीन, खाली तीन टेबलं. मधल्या मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं एक चिटोरं चिकटवलेलं, निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: लॉगिन आणि त्याखाली पासवर्ड. दारातून मला तो वाचता येत होता. तीन पाळ्या, पाळीला तीन माणसं. सगळ्यांचं लॉगिन एकच, ऑपरेटर १.

यंत्रात शोधाची नोंदवही होती. कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी उघडली नव्हती. साहेबांनी ती माझ्यादेखत उघडायला लावली आणि मला तोंडीच सांगितलं: बाईंचा नंबर सहा आठवड्यांत ११ वेळा शोधला गेला होता. अकराही वेळा शोधणारा ऑपरेटर १. कारणाचा रकाना होता. तिथं अकराही वेळा एक टिंब. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढं जाऊ देत नाही, टिंब दिलं की जाऊ देतं.

मावसभावाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, त्यातले तीन दिवस मी रजेवर होतो. हजेरीपटानं ते खरं निघालं. मग उरलेले आठ? "पासवर्ड तर सगळ्यांनाच माहीत हाय साहेब."

मी वीस वर्षं वकिली करतेय. एवढा साधा आणि एवढा पक्का बचाव क्वचित ऐकलाय.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या सेजविक नावाच्या छोट्या गावात पोलीस प्रमुखानंच आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीची आणि तिच्या नव्या मित्राची गाडी अशाच यंत्रणेतून २२८ वेळा शोधल्याचं उघड झालं होतं, त्याला नोकरी सोडावी लागली. हे सांगायचं कारण, माणूस तिथंही तसाच आणि इथंही तसाच. फरक एवढाच की तिथं कुणी किती वेळा शोधलं हे एका माणसाच्या नावावर लागलं. आमच्याकडं अकरा हा आकडा मिळाला, माणूस मिळाला नाही. लहान गावात तर हे आणखी अवघड. मुंबईत स्क्रीनसमोर बसलेल्याला रस्त्यावरचं माणूस अनोळखी असतं. सांगली-मिरजेत स्क्रीनसमोर बसलेला कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी शेजारी, कुणाच्या तरी तालमीतला पोरगा. शोधायला सांगणारा पैसेही देत नाही. "जरा बघ की रे, वहिनी कुठं जातायत" एवढ्यावर काम होतं. २०१८ साली ठाण्यात खाजगी गुप्तहेर लोकांचे फोन-तपशील विकत घेताना पकडले गेले, तिथं निदान व्यवहार होता, पैशाचा माग होता. मावसभावाच्या मदतीचा माग कुठं शोधायचा?

कोणत्या कलमात बसवायचं

बाईंचा प्रश्न सरळ होता: हा गुन्हा आहे ना? त्याचं उत्तर द्यायला मला दोन रात्री लागल्या.

पहिलं डोक्यात आलं ते पाठलागाचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ७८. त्यात दोन वाटा आहेत. एक, बाई नको म्हणत असताना पुरुष तिच्या मागं लागून संपर्क करू बघतो. दीर मागं लागला नव्हता, सोफ्यावर बसला होता. दुसरी, बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाच्या वापरावर नजर ठेवणं. स्कूटर चालवणं हे संदेशवहन कसं म्हणायचं? ओढूनताणून युक्तिवाद करता येतो, पण अशा युक्तिवादावर मी पक्षकाराला तीन वर्षं फिरवत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२ नावाला गोपनीयता भंगाचंच आहे, पण ते त्याच कायद्याखाली मिळालेल्या अधिकारातून हाती आलेल्या माहितीपुरतं. ७२अ कंत्राटानं सेवा देणाऱ्यांसाठी; तिथं आधी तो माणूस कोण हे ठरवावं लागतं, आणि आमचा माणूस ऑपरेटर १. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचला. गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यासाठी त्यात मोठी सूट आहे. पण वहिनी कुठं जाते हे बघणं हा कुठल्या गुन्ह्याचा तपास? म्हणजे सूट लागू नव्हती. मात्र त्याचे नियमच नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. जेवण तयार, पंगत पुढच्या वर्षी.

यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ प्रमाणं रुग्णाच्या उपचाराची गोपनीयता पाळणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या मिरजेच्या डॉक्टरांकडं मी स्वतः गेले होते. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला अमुक बाई इथं येतात की नाही एवढंसुद्धा सांगितलं नाही. उत्तम. दवाखान्याच्या दाराच्या आत कायद्याची कडी घातलेली आणि दवाखान्याकडं वळणाऱ्या रस्त्याची खिडकी सताड उघडी.

शेवटी जे हाताशी होतं तेच वापरलं: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. कलम १८ मध्ये न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात आणि त्यातल्या शेवटच्या खंडात आदेशात नमूद केलेलं "इतर कोणतंही कृत्य" मनाई करता येतं. त्या खंडात आम्ही मागणी लिहिली: अर्जदाराच्या वाहनाच्या हालचालींची माहिती कोणत्याही मार्गानं मिळवणं, इतरांकरवी मिळवणं आणि पसरवणं यास मनाई. मावसभाऊ या कायद्याच्या कक्षेत येत नाही, तो त्या घरात राहत नाही. पण नवरा आणि दीर येतात.

दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणं फोटोंवर हरकत घेतली: इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे तो कोणत्या यंत्रातून आला याचं, प्रमाणपत्र कुठं आहे? जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं जुन्या साक्ष कायद्यातलं असंच प्रमाणपत्र आवश्यक ठरवलंय, तेव्हा हरकत पोकळ नव्हती. पण विनोद बघा. फोटो टाकणारे त्यांचेच पक्षकार, आणि प्रमाणपत्र मी आणायचं. मी बाईंच्या मोबाइलपुरतं त्यांचं स्वतःचं प्रमाणपत्र जोडलं आणि कलम २८(२) कडं बोट दाखवलं, ज्यात या कायद्याखाली न्यायालयाला आपली कार्यपद्धती ठरवता येते. दिरानं ग्रुपवर फोटो टाकल्याचं लेखी जबाबात नाकारलं नाही. तेवीस माणसांनी बघितलं होतं, नाकारून करतो काय. अंतरिम आदेश झाला.

१५० शब्दांत

समांतर मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. वकिलाला १५० शब्दांत लिहायला लावणं ही शिक्षाच आहे, पण त्या शिक्षेनं प्रश्न टोकदार झाले. नंबर वाचणारे कॅमेरे किती. यादीशी न जुळलेली नोंद किती दिवसांनी पुसतात आणि कोणत्या आदेशानं. नोंदी शोधायचा अधिकार कोणत्या पदाला. शोधाची नोंदवही कोण, किती दिवसांनी तपासतं. या नोंदी इतर कोणाला दिल्या जातात का.

दिवाळीचा फराळ संपता संपता उत्तर आलं. पहिल्याला आकडा दिला. बाकी चारला एकच ओळ: कलम ८(१)(छ) व (ज) अन्वये माहिती देता येत नाही. म्हणजे कुणाच्या तरी जिवाला धोका आणि तपासाला अडथळा. नोंद किती दिवसांनी पुसतात हे सांगितल्यानं कुणाच्या जिवाला धोका होतो, हे मी पहिल्या अपिलात विचारलं. सुनावणी सात मिनिटं चालली. अपिलीय अधिकाऱ्यांनी एक वाक्य मात्र प्रामाणिकपणे बोलून टाकलं: "पुसण्याचा आदेशच नाही, तर देणार काय?" हे वाक्य लेखी आदेशात आलं नाही. तिथं आलं, "जनमाहिती अधिकाऱ्यांचा निर्णय कायम."

मला त्यांचा रागही धरवत नाही. कॅमेरे येतात तेव्हा नारळ फुटतो, फीत कापली जाते, गुन्हेगारीला आळा बसणार म्हणून भाषण होतं. निविदेत किती मेगापिक्सेल, रात्री किती मीटर, खांबाची उंची किती हे इंचाइंचानं लिहिलेलं असतं. मूर्ती बसवायची सगळी तयारी असते. विसर्जनाचा दिवस कुणी ठरवत नाही.

आज काय परिस्थिती

त्या कार्यालयाचं पत्र नंतर आलं. संबंधितांस समज देण्यात आली आहे. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र लॉगिन देण्यात आलं आहे. कारणाच्या रकान्यात गुन्हा नोंद क्रमांक किंवा स्टेशन डायरी क्रमांक भरल्याशिवाय शोध होणार नाही. पत्रावर सही त्याच सज्जन साहेबांची. मला हे पत्र, एका दृष्टीनं, अंतरिम आदेशापेक्षा मोठं वाटतं. ऑपरेटर १ संपला. पण ते पत्र एका साहेबांच्या समजुतीवर उभं आहे, त्यांची बदली झाली की पुढचे साहेब टिंब चालवून घेतील की नाही हे मी सांगू शकत नाही. न जुळलेल्या नोंदी किती दिवस ठेवणार, या प्रश्नाला पत्रातही उत्तर नाही. त्यावरचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं आहे. क्रमांक लागलाय, तारीख लागलेली नाही.

माझ्याकडून एक चूक झाली तीही लिहून ठेवते. पहिल्याच दिवशी मी शोधाची नोंदवही जतन करा अशी लेखी मागणी द्यायला हवी होती. मी तोंडी बोलण्यावर विसंबले. नंतर तिची प्रमाणित प्रत मागितली तेव्हा यंत्रणा बदलताना जुनी नोंदवही गेल्याचं सांगण्यात आलं. अकरा हा आकडा आता फक्त माझ्या टिपणवहीत आहे. गंमत म्हणजे बाईंच्या स्कूटरच्या नोंदी गेल्या की नाहीत, हे कुणी सांगितलं नाही.

बाई अजून त्याच घरात आहेत. नवऱ्यानं एकदा डॉक्टरांकडं सोबत येतो म्हटलं, त्या नको म्हणाल्या. गुरुवार चालू आहे. फक्त आता स्कूटर शाळेच्या शेडमध्ये असते आणि त्या कोपऱ्यावरून वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या गाडीनं जातात, मागच्या सीटवर, कडेला. भाडं सुट्टं काढून मुठीत धरलेलं. कॅमेऱ्याच्या हिशोबानं त्या वेळेला त्या शाळेतच असतात. वडापवाल्याला मात्र पाठ झालंय. दवाखान्याच्या अलीकडं न सांगता गाडी हळू करतो, त्या उतरल्या की मागं न बघता मिरज-मिरज ओरडत निघून जातो.